दुकानाचा उंबरठा: आत शिरण्याचा हक्क आणि धडधाकट बाहेर येण्याचा हक्क

काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एक मावशी तालुक्याच्या गावातल्या एका मोठ्या दुकानात महिन्याचा किराणा भरायला गेल्या होत्या. तेलाच्या पिशव्या रचलेल्या होत्या त्या कोपऱ्यात एक पिशवी फुटून तेल फरशीवर पसरले होते. मावशींचा पाय घसरला आणि उजवे मनगट मोडले. दुकानातल्या माणसाने त्यांना स्टुलावर बसवले, पाणी दिले, मलम चोळायला दिले आणि वर ऐकवले, "मावशी, जरा बघून चालायचं ना." मुलाने घेतलेल्या सामानाचे बिल चुकते केले आणि रिक्षाने आईला दवाखान्यात नेले. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. तेवढ्यात चारपैकी दोन घरांनी दुसरी बाई लावली.

आम्हाला हे कळले तीन आठवड्यांनी. तक्रार केली का, असे विचारले तर मावशी म्हणाल्या, "कशाची तक्रार? माझंच नशीब फुटकं. आणि आपल्यासारख्याचं तिथं कोण ऐकून घेणार?"

या उत्तरात दोन गोष्टी आहेत. एक नशीब, आणि दुसरी म्हणजे 'आपल्यासारख्याचं'. रोज जयभीम म्हणणाऱ्या, दर रविवारी विहारात येणाऱ्या बाईच्या तोंडून हे दोन्ही शब्द यावेत याचे आम्हाला वाईट वाटले. पण दोष त्यांचा नाही. दुकान नावाच्या जागेशी आपल्या समाजाचे नाते काय होते, ते कायद्याने कसे बदलले आणि तो बदल कुठे येऊन थांबला, हे आपण कार्यकर्त्यांनीच लोकांना नीट सांगितलेले नाही. तो इतिहास इथे मांडत आहोत.

उंबरठ्याच्या बाहेर

आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेले बहुतेकांनी ऐकले असेल. वाण्याच्या दुकानात आपल्या माणसाला आत जायची सोय नव्हती. पैसे पायरीवर ठेवायचे, दुकानदार त्यावर पाणी शिंपडून ते उचलणार, मग वरून पदरात मीठ-मिरची टाकणार. माल पारखून घ्यायचा नाही, वजन बघायचे नाही, भाव विचारायचा नाही. पैसा आपला चालत होता, आपण चालत नव्हतो. त्या काळी दुकानात पाय घसरून पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पाय आत पडतच नव्हता.

१९२३ साली मुंबई कायदे मंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव होता. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७, हा त्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच झाला. पण बोले ठराव सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी व स्थानिक संस्थांच्या ताब्यातल्या जागांपुरता होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. खासगी दुकानाचा उंबरठा त्यात येत नव्हता. मालक म्हणणार, दुकान माझे, जागा माझी, कुणाला आत घ्यायचे ते मी ठरवणार. महाडच्या तळ्याबाबतही सवर्णांनी दिवाणी दावा लावला तो नेमका याच मुद्द्यावर, की तळे सार्वजनिक नाही, खासगी आहे. बाबासाहेब त्या दाव्यात प्रतिवादी होते. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे सत्याग्रहानंतर दहा वर्षांनी.

'खासगी मालमत्ता' हा जातीचा सर्वांत भक्कम आडोसा आहे, हे बाबासाहेबांनी महाडच्या कोर्टात स्वतः अनुभवले होते. घटना लिहिताना त्यांनी तो आडोसा कसा काढून टाकला ते पाहा.

२९ नोव्हेंबर १९४८

त्या दिवशी संविधान सभेत अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले, तेच आजचे कलम १७. हे आपण सगळे जाणतो. त्याच दिवशी आजच्या कलम १५ वरही चर्चा झाली. कलम १५(२) म्हणते की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत प्रवेश नाकारता येणार नाही. इथे घटनेने सरकारलाच नव्हे तर खासगी दुकानदारालाही बांधले.

चर्चेत प्रश्न आला की 'दुकान' म्हणजे नेमके काय? केस कापण्याचे, कपडे धुण्याचे ठिकाण त्यात येते का? बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा: दुकान हा शब्द इथे अगदी व्यापक अर्थाने वापरला आहे. जिथे मालक आपली सेवा येणाऱ्या कुणालाही द्यायला तयार असतो ती जागा म्हणजे दुकान. आणि हा हक्क नुसता आत पाऊल टाकण्यापुरता नाही, अटी मान्य असतील तर ती सेवा मिळण्याचा आहे.

सातारच्या न्हाव्याने ज्यांचे केस कापायला नकार दिला, ज्यांचे केस थोरल्या बहिणीला कापावे लागले, त्या माणसाने 'दुकान' शब्दाची ही व्याख्या केली. पुढे २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थाही कलम १५(२) मध्ये आणल्या.

घटनेमागून कायदे आले. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने दुकानात प्रवेश नाकारणे आणि माल विकायला किंवा सेवा द्यायला नकार देणे हे गुन्हे ठरवले. १९७६ साली या कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही दुरुस्तीने दुकानात जाण्यास अडथळा आणण्याचा स्पष्ट उल्लेख आला, तो २०१६ पासून लागू आहे.

इथवरचा इतिहास आपल्या भाषणांत येतो, आणि इथेच संपतो. पण बाबासाहेबांची व्याख्या पुन्हा वाचा. हक्क फक्त प्रवेशाचा नाही, सेवेचा आहे. ज्या माणसाला आत बोलावले, ज्याचा पैसा घेतला, त्याच्या हातापायांची काळजी घेणे हा त्या सेवेचाच भाग नाही का? आम्ही म्हणतो, आहे. कायदाही तेच म्हणतो. त्यासाठी आधी थोडे इंग्लंडात जावे लागेल, कारण या बाबतीत आपल्या कोर्टात आजही चालणारी तत्त्वे तिथून आली.

गॅस फिटर, गोगलगाय आणि दही

१८६६ साली लंडनच्या न्यायालयात एका गॅस फिटरचा दावा आला. साखर कारखान्यात बसवलेले गॅसचे उपकरण तपासायला तो गेला होता. वरच्या मजल्यावर माल चढवण्या-उतरवण्यासाठी जमिनीच्या पातळीवर उघडे भोक होते, त्याला कठडा नव्हता. तो त्यातून खाली पडला. मालकाचे म्हणणे, तो आमचा नोकर नाही, आमचा काय संबंध? न्यायालयाने ठरवले की जो माणूस मालकाच्याही फायद्याच्या कामासाठी त्याच्या जागेत येतो, त्याला मालकाला माहीत असलेल्या किंवा माहीत असायला हव्या असलेल्या धोक्यापासून वाजवी काळजीने जपले पाहिजे. दुकानातले गिऱ्हाईक याच वर्गात मोडते. 'इंडरमॉर विरुद्ध डेम्स' या नावाचा हा निकाल आपल्याकडच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात.

पण त्या कायद्यातही उतरंड होती. धंद्यासाठी आलेला पाहुणा वर, नुसत्या परवानगीने आलेला त्याच्या खाली, विनापरवानगी शिरलेला सर्वांत खाली. ज्याची जशी पायरी तशी त्याची काळजी. १९५७ च्या इंग्लिश कायद्याने पहिल्या दोन पायऱ्या मोडून कायदेशीरपणे आलेल्या प्रत्येकासाठी काळजीचे एकच कर्तव्य ठरवले. ही उतरंड जन्मावर नव्हती, म्हणून जातीशी तिची बरोबरी आम्ही करत नाही. पण 'कोण आला आहे' यापेक्षा 'धोका कुणी ठेवला' हे आधी विचारायचे, इथवर यायला तिथेही शतक लागले, एवढे ध्यानात ठेवू.

मधल्या काळात १९३२ चा प्रसिद्ध निकाल आला. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात मे डोनोघ्यू नावाच्या बाई १९२८ साली एका कॅफेत गेल्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली काळपट काचेची होती. उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाल्याची त्यांची तक्रार होती. पैसे मैत्रिणीने दिलेले, त्यामुळे करार त्यांचा नव्हता. त्या स्वतः दुकानात नोकरी करणाऱ्या गरीब बाई. आपली सगळी मालमत्ता पाच पौंडांचीही नाही असे प्रतिज्ञेवर सांगून, गरीब पक्षकार म्हणून त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत लढाई नेली. तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल झाला की आपल्या कृतीने ज्याला इजा होऊ शकते हे आपल्याला दिसायला हवे, तो आपला 'शेजारी' आणि त्याची काळजी घेणे हे कायदेशीर कर्तव्य. शेजाऱ्याला सावलीच्याही अंतरावर ठेवणाऱ्या समाजात वाढलेल्या आपल्याला या तत्त्वाचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरा निकाल तर आपल्या मावशींचाच वाटावा असा आहे. लिव्हरपूलमधल्या टेस्को कंपनीच्या दुकानात एक बाई फरशीवर सांडलेल्या दह्यावरून घसरून पडल्या. दही कधी सांडले हे त्यांना सांगता येईना, आणि कंपनीचे म्हणणे की ते सिद्ध करणे बाईंचे काम. त्या बाई पुढे साधारण तीन आठवड्यांनी त्याच दुकानात गेल्या तेव्हा फरशीवर संत्र्याचा रस सांडलेला दिसला. त्या पाव तास तिथे लक्ष ठेवून होत्या. पुसायला कुणी आले नाही. १९७६ साली अपील न्यायालयाने बहुमताने ठरवले की फरशीवर दही पडून राहणे ही गोष्ट नीट चाललेल्या दुकानात सहसा घडत नाही. घडली असेल तर आपली साफसफाईची व्यवस्था पुरेशी होती हे दुकानाने दाखवावे. भरपाई मिळाली १३७ पौंड ५० पेन्स. रक्कम लहान होती, पण पुराव्याचे ओझे पडलेल्या बाईच्या डोक्यावरून दुकानाकडे सरकले.

आपल्याकडे काय झाले

इंग्रजांनी भारतात गुन्ह्यांसाठी १८६० चा दंड विधान कायदा केला, करारांसाठी १८७२ चा करार कायदा केला. पण कुणाच्या निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली तर काय, याची संहिता केली नाही. सर फ्रेडरिक पोलॉक यांनी १८८६ साली मसुदा लिहून दिला होता, तो कधीच कायदा झाला नाही. व्यापाऱ्याचे करार आणि सरकारची शिस्त यांना छापील कायदा मिळाला, जखमी माणसाला मात्र नाही. त्याचा हक्क आजही बराचसा निकालांच्या पुस्तकांत विखुरलेला आहे, आणि ती पुस्तके वकिलाच्या कपाटात आहेत.

निकाल चांगले आहेत. १९५१ साली दिल्लीच्या चांदनी चौकातला टाऊन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा कोसळला आणि भरबाजारात माणसे मेली. मनोरा महापालिकेच्या ताब्यात होता. वय साधारण ८० वर्षे, आणि त्या चुन्याच्या बांधकामाचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे. पालिका म्हणाली, दोष वरून दिसत नव्हता. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने सुभागवंती खटल्यात ठरवले की असा मनोरा पडतो हीच निष्काळजीपणाची साक्ष आहे, आणि रस्त्यालगतच्या बांधकामाच्या मालकाला दोष दिसत होता की लपलेला होता या सबबीआड लपता येणार नाही. पण १९५१ चा अपघात आणि १९६६ चा निकाल, मधली पंधरा वर्षे मोजा.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. भरपाईबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २०११ साली. या खटल्यातली एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी. उच्च न्यायालयाने भरपाई ठरवताना, बाल्कनीचे तिकीट काढणाऱ्याचे महिन्याचे उत्पन्न अमुक इतके तरी असणारच, असे धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने हा हिशोब मान्य केला नाही आणि रकमा खाली आणल्या: २० वर्षांवरील मृतांसाठी १० लाख, त्याखालील मृतांसाठी साडेसात लाख, आणि ज्याला जास्त हवे त्याने दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे. आकडा काहीही असो, भरपाईचा कायदा माणसाचा हात मोजताना त्या हाताची कमाई मोजतो, हे यातून दिसते. मोडलेल्या मनगटाची किंमत व्यवस्थापकासाठी वेगळी, धुणीभांडी करणाऱ्या मावशींसाठी वेगळी.

याला थोडा छेद दिला तो २००१ च्या लता वाधवा निकालाने. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत गृहिणीही मेल्या होत्या. त्यांचे उत्पन्न नाही म्हणून त्यांच्या जिवाची किंमत नगण्य धरता येणार नाही, असे म्हणून न्यायालयाने त्यांच्या घरकामाचे मोल महिन्याला ३,००० रुपये धरले. रक्कम तुटपुंजी आहे. पण घरकामाला मोल आहे हे न्यायालयाने मान्य केले, आणि बिनपगारी-बिनपावतीच्या कामावर जगणाऱ्या आपल्या बायकांसाठी हा धागा मोलाचा आहे.

शिवाय दिवाणी दाव्याची कोर्ट फी मागितलेल्या रकमेवर ठरते. जो जास्त जखमी, त्याने जास्त फी भरायची! जुन्या दिवाणी प्रक्रिया संहितेत गरीब पक्षकाराला फी माफ होण्याची सोय होती आणि आजही आहे, पण ती घ्यायची तर आधी आपली गरिबी कोर्टात सिद्ध करावी लागते.

नशीब म्हणजे कुणाची सुटका?

आता मावशींच्या पहिल्या शब्दाकडे येऊ. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताची झाडाझडती घेतली आहे. गरिबाच्या आणि दुबळ्याच्या हालअपेष्टांची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, यापलीकडे या सिद्धांताचा उपयोग काय, असा त्यांचा रोख आहे.

हेच दुकानाच्या फरशीला लावून पाहा. मावशी पडल्या कारण तेल सांडले होते. तेल पडून राहिले कारण पुसायला माणूस कमी होता. माणूस कमी होता कारण मालकाने पगार वाचवला. कारण आहे म्हणून परिणाम आहे, हीच बुद्धाची शिकवण. नशीब म्हटले की ही सगळी साखळी पुसली जाते आणि त्यातून सुटतो तो फक्त मालक. म्हणून 'नशीब' हा शब्द सोडून 'निष्काळजीपणा' हा शब्द धरणे, हेही आम्ही धम्माचेच काम मानतो.

आज हातात काय आहे

पहिला आणि आपल्या लोकांना सर्वांत जवळचा मार्ग ग्राहक आयोगाचा. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. आजचा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा आणि फी ही मागितलेल्या भरपाईवर नाही, तर दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे बिलावर ठरते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. म्हणजे किराण्याचे बिल ८०० रुपयांचे असेल आणि भरपाई लाखाची मागायची असेल तरी फी भरावी लागत नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. अडचण एकच: समोरचा पक्ष म्हणू शकतो की हा माणूस नुसता बघायला आला होता, ग्राहक नव्हताच. म्हणून बिल जपायचे. बिलाशिवाय खेळ संपत नाही, पण लढत अवघड होते.

दुसरा मार्ग दिवाणी दाव्याचा. खरेदीच्या आधीच पडला, लहान मूल सोबत होते त्याला लागले, बिल नाही, अशा वेळी हा मार्ग उरतो. समोरून 'तुम्ही मोबाइलमध्ये बघत होतात' असा आरोप येईल, आणि त्यात तथ्य निघाले तर भरपाई कमी होऊ शकते. 'फरशी ओली आहे' अशी पाटी लावली म्हणजे जबाबदारी आपोआप संपत नाही. पाटी कधी लावली, कुठे लावली, दिसत होती का, हे पाहिले जाते.

तिसरा मार्ग पोलिसांचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १२५ नुसार बेदरकार किंवा निष्काळजी कृतीने दुखापत करणे हा गुन्हा आहे, आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. मात्र फौजदारी निष्काळजीपणा सिद्ध करायला दिवाणीपेक्षा कडक कसोटी लागते. सांडलेल्या तेलाच्या प्रकरणात पोलीस 'हा दिवाणी मामला' म्हणतील. मांडणी कोसळली, सरकता जिना बिघडलेला ठेवला, वायर उघडी होती, अशा प्रकरणात हा मार्ग जोरकस होतो. आणि जखमी माणसाला जात काढून हाकलले असेल तर ॲट्रॉसिटी कायदा आहेच.

या तिन्ही मार्गांवर आपली सर्वांत मोठी शिदोरी आहे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही जातीच्या स्त्रीला आणि मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यात वकील आणि कोर्ट फी दोन्ही आली. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रात मान्य आहे, त्यामुळे 'तुम्ही बौद्ध, तुम्हाला मिळत नाही' असे कुणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समिती असते. फोन क्रमांक १५१००. ग्राहक तक्रारीसाठी १९१५.

आणि पुरावा. पडलेल्या जागेचा फोटो लगेच घ्या. सोबतच्या गिऱ्हाइकाचा नंबर घ्या. दवाखान्यात कागदावर 'घरी पडले' नव्हे, तर 'अमुक दुकानात फरशीवर पडले' अशीच नोंद करून घ्या. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दुकानाला लेखी अर्ज द्या की कॅमेऱ्याचे चित्रण जपून ठेवा, आणि अर्जाची पोच घ्या. औषधांची बिले, रिक्षाचे भाडे, बुडालेल्या खाड्यांचा हिशोब वहीत लिहा. ज्या घरी काम होते त्या घराकडून साध्या कागदावर पगाराचे पत्र घ्या.

दोन आक्षेप

काही मित्र म्हणतील, रोज अत्याचाराच्या बातम्या येत असताना तेलावरून घसरण्यावर लेख कसला? आम्ही उलट विचारतो, अत्याचाराच्या लढ्यासाठी आपल्याकडे संघटना आहेत, मोर्चे आहेत, पण रोजच्या नागरिकपणासाठी काय आहे? कलम १५(२) हे रोजच्या जगण्याचे कलम आहे. हा हक्क छोट्या गोष्टीत वापरायची सवय नसेल तर मोठ्या गोष्टीत तो वापरताना हात थरथरतो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो खुद्द मावशींनीच घेतला. अर्ज लिहायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथं पोछा मारणारी पोरगी आपल्याच पलीकडच्या वस्तीतली आहे. माझ्या अर्जानं तिची नोकरी जायची."

आम्ही गप्प झालो. दुकानाचे मॅनेजर वेगळे, मालक वेगळे, साफसफाई ठेकेदाराकडे, आणि ठेकेदाराकडे झाडू धरणारे हात कुणाचे, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही. तेल सांडले तर बोल तिलाच लागणार, खाडा तिचाच कापला जाणार. म्हणून आम्ही मावशींना लिव्हरपूलच्या दह्याची गोष्ट सांगितली. तिथल्या न्यायालयाने झाडूवालीला जाब विचारला नाही, दुकानाची व्यवस्था काय होती हे विचारले. कामावर असताना नोकराकडून झालेल्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाने द्यायची, हे आपल्याकडेही मान्य तत्त्व आहे, आणि गिऱ्हाइकाला आत बोलावणाऱ्या दुकानाने ठेकेदाराकडे बोट दाखवून सुटू नये, हाच आपला आग्रह असला पाहिजे. अर्जात त्या मुलीचे नाव नाही. उलट एवढ्या मोठ्या दुकानात एका पाळीला साफसफाईला एकच माणूस का, हा प्रश्न आम्ही त्यात लिहिला. मावशींचा अर्ज त्या मुलीच्याही बाजूने उभा राहील अशी काळजी घेतली. असे लिहिता येत नसेल तर आपण दुबळ्याकडून दुबळ्यालाच वसूल करू, आणि ते आंबेडकरी राजकारण नव्हे.

चित्रण मिळाले नाही. आम्ही गेलो तोवर पुसले गेले होते. तीन आठवडे उशीर झाला, तो आमचा. पण बिल मुलाच्या मोबाइलवर आले होते, दवाखान्याचा कागद होता, आणि मावशींना उचलणारी एक गिऱ्हाईक बाई साक्षीला तयार झाली. विधी सेवा समितीने वकील दिला, जिल्हा आयोगात तक्रार दाखल झाली. निकाल काय लागेल सांगता येत नाही. नोटीस गेल्यावर दुकानातून एक माणूस घरी येऊन गेला, 'मिटवून टाका' म्हणाला. मावशींनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितले की जे बोलायचे ते आयोगापुढे बोला.

ज्या बाईच्या आजीने पैसे पायरीवर ठेवून मीठ-मिरची पदरात झेलली, तिच्या दारात आज दुकानाचा माणूस बोलणी करायला येतो. यामागे बाबासाहेबांचे कलम १५(२) आहे. पण ते कलम मावशींपर्यंत पोहोचायला आम्ही तीन आठवडे लावले. प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात एकदा तरी हा विषय घ्या. भिंतीवर १५१०० आणि १९१५ हे दोन आकडे लिहून ठेवा. पुढच्या मावशींसाठी तीन आठवडे लागायला नकोत.

जय भीम!